फिजीत कॉफी मागायची कशी

"साखर विसरला गं तो," मावशी पहिल्याच घोटाला म्हणाली.

नान्दीच्या विमानतळावर आम्ही नुकत्या उतरलो होतो. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेसहा वाजले होते. फिजीची वेळ आपल्या साडेसहा तास पुढे, म्हणजे अंगाच्या हिशेबाने बरोबर रात्रीचे बारा. मावशीने काउंटरवर जाऊन 'वन कॉफी, मिल्क, शुगर कमी' असं सांगितलं होतं. पोऱ्याने हसून विचारलं, "फ्लॅट व्हाइट ऑर लाटे?" व्हाइट म्हणजे दुधाचीच असणार, असा अंदाज बांधून तिने पहिलं नाव घेतलं. "रेग्युलर ऑर लार्ज?" "रेग्युलर." "हॅव हिअर ऑर टेकअवे?" एवढं विचारतात तर मुलीच्या स्थळाला, असं पुटपुटत ती टेबलाशी येऊन बसली. आणि मग ती बिनसाखरेची कॉफी.

तो साखर विसरला नव्हता. तिथे कॉफीत साखर कुणी घालतच नाही. कागदी पुड्या कडेला ठेवलेल्या असतात, हव्या तेवढ्या घ्या आणि ढवळा. 'कमी साखर' हे सांगणंच त्या काउंटरवर निरर्थक होतं. गंमत अशी, की ज्या देशाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास साखरेने घडवला, त्या देशात हे झालं. त्याकडे येतेच, पण आधी कॉफीचं.

आपल्या घरात कॉफी म्हणजे काय, ते ठरलेलं असतं. दूध उकळायचं, पावडर आणि साखर त्यातच, वरून जायफळ किसायचं. 'कॉफी कर' एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. फिजीत हा शब्द जागेप्रमाणे बदलतो. विमानतळावर, रिसॉर्टमध्ये आणि शहरातल्या कॉफीघरात त्याचा एक अर्थ आहे, बसस्टँडवर आणि बाजारात दुसरा. कुणाच्या घरी गेलात तर तिसराच. नवखा माणूस गोंधळतो तो एका जागेची भाषा दुसऱ्या जागी बोलतो म्हणून.

पहिल्या जागेची भाषा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आहे. फिजीला येणाऱ्या पर्यटकांत सर्वांत मोठा वाटा या दोन शेजाऱ्यांचा, त्यामुळे मेनूवरची नावंही त्यांचीच. अमेरिकी साखळी दुकानांतली लांबलचक नावं इथे चालत नाहीत.

नावांना घाबरायचं कारण नाही, कारण मुळात पदार्थ एकच आहे, एस्प्रेसो. बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण नऊ पट वातावरणीय दाबाने गरम पाणी ढकलतात. पंचवीस-तीस सेकंदांत कपात सुमारे 30 मिली दाट काळा अर्क उतरतो. त्यावर तपकिरी साय आल्यासारखा एक थर असतो, त्याला क्रेमा म्हणतात. यापुढची सगळी नावं म्हणजे या अर्कात काय मिसळलं आणि किती, एवढाच फरक.

नुसताच अर्क हवा असेल तर 'शॉर्ट ब्लॅक'. आपल्यापैकी बहुतेकांना तो औषधासारखा लागेल. 'लाँग ब्लॅक' म्हणजे कपात आधी गरम पाणी आणि त्यावर अर्क, बहुधा दुप्पट. पाणी आधी का? अर्क वरून आला की क्रेमा मोडत नाही. उलट्या क्रमाने, अर्कावर पाणी ओतलं की त्याला अमेरिकानो म्हणतात. चवीतला फरक सांगणारे लोक आहेत. मला दोन्ही तितकीच कडू लागतात.

दुधाच्या नावांत खरी मेख आहे फेसाची. मशीनच्या वाफेच्या नळीने दूध तापवताना त्यात हवा शिरते. 'कॅपुचिनो'त फेस जाड, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली (भुकटी नको असेल तर आधीच सांगायचं). 'लाटे'त दूध सर्वांत जास्त, फेस मध्यम, आणि ती पुष्कळदा काचेच्या पेल्यात येते. 'फ्लॅट व्हाइट'मध्ये फेस जवळजवळ नाहीच. दूध मऊ, रेशमासारखं, वर पातळ पापुद्रा. फ्लॅट म्हणजे सपाट, डोक्यावर फेसाचा डोंगर नसलेली. कप लाटेपेक्षा लहान, त्यामुळे कॉफीची चव ठळक. ही कॉफी शोधली कुणी, यावर दोन्ही शेजारी देशांत जुना वाद आहे. सिडनीचा दावा 1985 चा, वेलिंग्टनचा 1989 चा, आणि वेलिंग्टनच्या कथेत तर ती चक्क फसलेली कॅपुचिनो आहे. पुरणपोळी कुणाची यावर भांडणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हरकत नाही.

आपल्या चवीला सर्वांत जवळचं काय? माझ्या मते फ्लॅट व्हाइटच, वर दीड-दोन पुड्या साखर. लाटे दुधाळ लागते आणि बिलात पैसे जवळपास तेवढेच जातात. 'स्ट्राँग' म्हणालात तर एक अर्क जादा घालतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. आपल्याकडे 'कडक' म्हटलं की चहावाला त्याच पैशांत जास्त उकळतो, तसा हिशेब तिथे नाही. आणखी एक शब्दप्रयोग कानावर येईल, 'व्हाइट विथ टू'. दूध घालून दोन चमचे साखर, असा त्याचा अर्थ. हा कॉफीघरातल्यापेक्षा घरात, कार्यालयात आणि टपरीवर जास्त चालतो.

थंड कॉफीच्या बाबतीत आपण युरोपीय माणसापेक्षा सुखी आहोत. त्याने 'आइस्ड कॉफी' मागितली तर समोर दूध, आइस्क्रीम आणि क्रीम घातलेला उंच पेला येतो, आणि तो चक्रावतो. आपण मात्र कॉलेजच्या कँटीनपासून 'कोल्ड कॉफी विथ आइस्क्रीम' पीत आलेले, आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. फसगत उलटीकडून होते. 'आइस्ड लाटे' मागितली तर येतं फक्त थंड दूध, बर्फ आणि अर्क, बिनसाखरेचं. थंड दुधात साखर लवकर विरघळत नाही आणि पुड्या तळाशी रेतीसारख्या बसतात. साखरेचा पाक मिळतो का, ते आधी विचारावं.

लहान मुलं बरोबर असतील तर 'फ्लफी' किंवा 'बेबीचिनो' विचारा. त्यात कॉफी नसते, छोट्या कपात फेसाळ दूध असतं. त्याच्या बशीत, तसंच हॉट चॉकलेटच्या बशीत, गुलाबी-पांढरे मार्शमेलो ठेवतात. बहुतेक मार्शमेलोंत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून काढतात. शाकाहारी असाल तर 'नो मार्शमेलो' हे मागतानाच सांगून टाकलेलं बरं.

पैशांचं थोडक्यात. मेनूवर किमतीपुढे 'व्हीआयपी' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. कर धरून किंमत, असा त्याचा अर्थ, वरून काही वाढत नाही. टिप देण्याची तिथे सक्ती नाही आणि रीतही नाही. रिसॉर्टमध्ये कर्मचाऱ्यांची मिळून एक पेटी असते, वाटलं तर त्यात टाकावं.

आता बसस्टँड. नान्दीहून क्वीन्स रोडने राजधानी सुवाकडे जाताना वाटेत सिंगाटोका लागतं. फिजीतल्या बऱ्याच साध्या बसना काचा नसतात, पाऊस आला की ताडपत्री खाली ओढायची. हंगाम असेल तर उसाने भरलेले ट्रक आणि उसाची छोटी रेल्वे रस्त्यात आडवी येते, आणि क्षणभर आपण सांगली-कोल्हापुराकडे आहोत असं वाटतं. इथल्या टपरीवर 'फ्लॅट व्हाइट' मागू नका. माणूस हसणार नाही, फिजीतली माणसं पाहुण्याला हसत नाहीत, पण मिळणारही नाही. इथे कॉफी म्हणजे पाण्याची मोठी तापती टाकी, इन्स्टंट पावडरचा डबा आणि दुधाची पावडर. ताजं दूध देशाला पुरेल एवढं निघत नाही, पावडर बरीचशी न्यूझीलंडहून येते, म्हणून साध्या टपरीवर आणि साध्या घरातही दूध म्हणजे पावडरच. आणि इथे, लक्षात ठेवा, साखर तो घालतो. सढळ हाताने. मावशीचं 'शुगर कमी' हे वाक्य या टपरीसाठी अगदी योग्य होतं, ते चुकीच्या दारात वापरलं गेलं एवढंच.

त्या टपरीवर आणखी एक वस्तू असते, काचेच्या पेटीत, तेलकट कागदावर. तिला तिथे 'साइना' म्हणतात. पानावर डाळीचं वाटण थापून, गुंडाळी करून, उकडून, तळलेले काप. पान कसलं? दालोचं. दालो म्हणजे आपला अळू. मावशीने एक काप तोंडात टाकला आणि काही न बोलता दुसरा उचलला. अळूवडीच ती. चिंचेची चटणी बरोबर, आणि त्या गोड इन्स्टंट कॉफीबरोबर ती लागते मात्र झकास.

साइना तिथे पोचली कशी, याचं उत्तर कॉफीच्या गोष्टीतच आहे.

1860 च्या दशकात फिजीत गोऱ्या मळेवाल्यांनी कापूस लावला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव होता; युद्ध संपलं, भाव पडला. 1874 मध्ये फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि मळेवाले नवं पीक शोधू लागले. कॉफी लावून पाहिली. ती धरते आहे असं वाटत असतानाच, 1880 च्या आगेमागे, पानांवर नारिंगी ठिपके दिसू लागले. हा तांबेरा. गव्हावरच्या तांबेऱ्याचा चुलतभाऊच, पण कॉफीवर जगणारा. त्याची बुरशी पानांच्या खालच्या बाजूला पिकते, पानं गळतात आणि पानांविना झाड फळ धरत नाही. 1869 मध्ये हाच रोग सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दिसला होता आणि पुढच्या काही वर्षांत तिथले कॉफीचे मळे त्याने संपवले. सिलोनमध्ये कॉफी बसली आणि चहा उभा राहिला. फिजीत कॉफी बसली आणि ऊस उभा राहिला.

उसाला माणसं लागतात, पुष्कळ लागतात. 1875 च्या गोवराच्या साथीत मूळ फिजीवासी हजारोंनी मेले होते. त्यात तेव्हाचा गव्हर्नर आर्थर गॉर्डन याने ठरवलं होतं, की स्थानिक माणसाला गावातून उचलून मळ्यावर राबवायचं नाही. गॉर्डन त्याआधी त्रिनिदाद आणि मॉरिशसमध्ये गव्हर्नर होता. तिथे हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्याची पद्धत त्याने पाहिली होती. तीच त्याने इथे आणली. 14 मे 1879 रोजी लिओनिडास नावाचं जहाज पहिले मजूर घेऊन फिजीला लागलं. 1882 मध्ये सिडनीच्या एका कंपनीचा साखर कारखाना नौसोरीला सुरू झाला. 1916 पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, पुढे मद्रासकडचीही. इंग्रजीतल्या 'ॲग्रीमेंट'चं त्यांच्या तोंडी झालं 'गिरमिट'. याच गॉर्डनची पुढे 1883 मध्ये सिलोनला गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली, तांबेऱ्याने उजाड केलेल्या कॉफीच्या देशात. इतिहासाला असे विनोद सुचतात.

गिरमिटियांत मराठी माणूस शोधायला गेलं तर हाती फार लागणार नाही. पण ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय कायदेमंडळात 1912 मध्ये ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तो तेव्हा नामंजूर झाला. उरलेले सगळे करार शेवटी 1 जानेवारी 1920 ला रद्द झाले.

तर ही माणसं, त्यांच्या बोलीत 'मी'ऐवजी 'हम' आणि 'माझं'साठी 'हमार', आजही टपरीवर, टॅक्सीत, बाजारात भेटतात. तुम्ही भारतातून आलात असं कळलं की कॉफीपेक्षा गप्पाच लांबतात. हिंदी बोला, चालतं. ती मुंबईची हिंदी नाही आणि दिल्लीचीही नाही, पण कान एका दिवसात रुळतो.

स्थानिक इ-तौकेई भाषेतले दोन-चार शब्द मात्र शिकून जावेत, आणि ते कसे वाचायचे हेही. मिशनऱ्यांनी 1830 च्या दशकात ही भाषा रोमन लिपीत बसवली तेव्हा एक शक्कल केली. 'डी' लिहायचा आणि वाचायचा 'न्द'. 'बी' वाचायचा 'म्ब', 'सी' वाचायचा इंग्रजी 'दिस'मधल्या 'द'सारखा, 'जी' वाचायचा 'ङ', 'क्यू' वाचायचा 'ङ्ग'. म्हणून पाटीवर 'नाडी' दिसतं ते नान्दी, 'सिगाटोका' दिसतं ते सिंगाटोका. आपल्याला हे सोपं जातं, कारण अनुस्वार आपल्या जिभेवर आहे. इंग्रज पर्यटक महिनाभर 'नाडी'च म्हणत बसतो. 'बुला' म्हणजे नमस्कार, आणि शब्दशः अर्थ जीवन. 'विनाका' म्हणजे आभारी आहे. 'केरेकेरे' म्हणजे कृपया. कॉफी म्हणजे 'कोफी', साखर म्हणजे 'सुका'. काउंटरवर आधी 'बुला' म्हणायचं, मग मागायचं. थेट 'वन कॉफी' म्हणून सुरुवात करणं तिथे उद्धट वाटतं. आपल्याकडे दारात उभ्या उभ्या 'पैसे द्या' म्हटल्यासारखं.

तिसरं दार, घराचं. इथे नियम सोपा आहे, कॉफी मागायचीच नाही. गावात जेवणाच्या वेळी दारावरून गेलात तर आतून हाक येते, 'माई काना', म्हणजे जेवायला या. पुढ्यात येतो तो बहुधा चहा. ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या सवयींपैकी ही एक. कधी 'ड्राउनीमोली' मिळेल, लिंबाच्या झाडाची पानं उकळून केलेला. त्यात चहापत्ती नसते. वास गवती चहाच्या जवळपासचा. प्रवासाने बिघडलेल्या पोटाला याच्याइतकं बरं काही नाही. मी तर कॉफी विसरून तोच पीत राहिले.

आणि संध्याकाळी जे 'चला, बसूया' असतं, त्यात कॉफी नसतेच, यंगोना असते. बाहेरच्या जगात तिला कावा म्हणतात. मिरीच्या कुळातल्या एका झुडपाची मुळी कुटून पाण्यात कालवलेली, दिसायला चिखलाच्या पाण्यासारखी. तानोआ नावाच्या लाकडी परातीतून करवंटीच्या वाटीने एकेकाला देतात. टाळी वाजवायची, 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायची, मग तीन टाळ्या. जीभ आणि ओठ बधिर होतात, अंग सैल पडतं. कॉफी जागवते आणि ही निजवते, म्हणून दोन्ही एकाच संध्याकाळी नकोत. गावात पाहुणा म्हणून जाताना हीच मुळी भेट न्यायची असते; तिथे कॉफीची बरणी नेऊन कुणाला आनंद होत नाही.

मग फिजीची स्वतःची कॉफी संपलीच का? नाही. मळे गेले तरी काही झाडं डोंगरांतल्या जंगलात रानटी होऊन तग धरून राहिली. अलीकडच्या काळात गावकरी ती फळं तोडून आणतात, ती वाळवून भाजून विकली जातात. 'बुला कॉफी' हे त्यातलं ठळक नाव. पण कॉफीघरात बसलात म्हणजे फिजीची कॉफी पिताय असं धरू नका, मशीनमधले दाणे बहुधा बाहेरचे असतात. हवीच असेल तर 'ही फिजीची आहे का' असं विचारून, पाकीट पाहून घ्यावी. घरी न्यायला यासारखी दुसरी वस्तू नाही.

शेजारच्या देशांत हे गणित बदलतं. वानुआतूच्या तान्ना बेटावर, जागत्या ज्वालामुखीच्या मुलखात, कॉफी पिकते आणि लोक अभिमानाने सांगतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तर लाखो छोट्या शेतकऱ्यांचं रोख पीकच कॉफी आहे. न्यू कॅलेडोनिया फ्रेंचांकडे, तिथे नुसतं 'कॅफे' म्हटलं की समोर एस्प्रेसोचा चमचाभर कप येतो. सामोआत कॉफीआधी कोको पुढे करतात. फिजीत शिकलेलं फ्लॅट व्हाइट या सगळीकडे चालेलच असं नाही.

जाताना एक गोष्ट बॅगेत टाकू नका, ती म्हणजे जायफळ. मावशीने टाकलं होतं, पितळेच्या डबीत, किसणीसकट. फिजीत उतरताना बिया, पानं, मसाले, जे काही झाडाचं असेल ते अर्जात लिहून दाखवावं लागतं. एका बुरशीने सगळी कॉफी खाल्लेला देश याबाबतीत कडक असणारच. तिने प्रामाणिकपणे लिहिलं. अधिकाऱ्याने जायफळ ठेवून घेतलं आणि डबी-किसणी हसतमुखाने परत केली. पुढचे दहा दिवस ती रिकामी डबी तिच्या पर्समध्ये खुळखुळत होती.

शेवटच्या दिवशी आमचा टॅक्सीवाला आम्हाला लौटोकाजवळच्या त्याच्या घरी घेऊन गेला. मागे उसाचं शेत, पुढे लाल झेंड्याची बांबूची काठी. त्याच्या आईने आम्हाला काहीएक विचारलं नाही. आत गेली, पातेलं चढवल्याचा आवाज आला, वेलचीचा वास आला, आणि थोड्या वेळाने स्टीलच्या पेल्यांत उकळलेल्या दुधाची कॉफी आली, साखर आतच घातलेली. मावशीने फुंकर मारून एक घोट घेतला. त्या म्हाताऱ्या बाईकडे पाहून छान झाल्याची मान डोलावली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "साखर जरा जास्तच झालीय, नाही?"